भावानं दिलेला काठ

माझी नंदनवनात मेस आहे. शिकणारी आणि नोकरी करणारी मुलंमुली दोन्ही वेळ जेवायला येतात, काहीजण डबे नेतात. नवरा मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला. म्हणजे कुही तालुक्यातल्या आमच्या गावच्या जमिनीवाचून माझी चूल अडलेली नव्हती. तरीही बाबा गेल्यावर मी माझा हिस्सा मागितला. लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात त्या वावरात वाकून मी धानाचा रोवणा केला होता, आणि माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तेवढा वेळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून रोपांच्या जुड्या फेकायचा.

दादानं आधी चार लोकांत सांगून पाहिलं, की बहिणीचा हिस्सा तिच्या लग्नातच गेला. माझं लग्न गावच्या विहारात झालं होतं. पांढरी साडी, पाहुण्यांना वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. एवढ्यात जमिनीचा हिस्सा कसा गेला, असं मी त्याला तोंडावर विचारलं. मग त्यानं वाद घातला नाही. म्हणाला, "ये रविवारी. दाखवून देतो तुई जमीन."

आमचं वावर रस्त्यापासून नाल्यापर्यंत उतरत जातं. वरची विहिरीची जमीन त्यानं स्वतःकडे ठेवली. नाल्याच्या खालच्या वळणावरचा एक सपाट तुकडाही ठेवला. आणि मधला काठ, जिथं नाला दरवर्षी थोडी थोडी जमीन खात आत सरकायचा, तो मला दाखवला. सोबत आमचे दोन चुलतभाऊ होते, साक्षीला म्हणून बोलावलेले.

"तुले जमीनच पाहिजे ना?" दादा म्हणाला. "घे. नाल्यानं जेवढी ठेवली तेवढी तुई."

"अन् पुरी खाल्ली तं?" एक चुलतभाऊ म्हणाला.

"तं मंग नाल्याले माग!"

तिघंही पोट धरून हसले. वहिनी चहा घेऊन आली होती, ती खाली मान घालून उभी राहिली. मी चहा प्यायले, कप तिच्या हातात दिला आणि एसटीनं नागपूरला परत आले. घरी येऊन संध्याकाळच्या पोळ्या केल्या. नवऱ्यानं विचारलं, तेव्हा म्हटलं, मिळाली जमीन. जमीन कमी मिळाली याचं मला फार वाटलं नाही. पण ते हसणं मी विसरणार नव्हते. दादाला मी याची परतफेड करणार, हे पोळ्या लाटतानाच ठरलं होतं. कशी, तेवढं माहीत नव्हतं.

त्याच वर्षी श्रावणात नाल्याला पूर आला. बातमी कळली म्हणून मी गेले, तर माझी नाल्याकडची एक अख्खी बांधी नाहीशी झाली होती. आमच्याकडे धानाच्या चौकोनी वाफ्याला बांधी म्हणतात. तिचा धुरा गेला होता, आणि राहिलेल्या कडेवर हिरवं धान मुळांसकट हवेत लोंबत होतं. खाली लाल पाणी. काठाची माती कापल्यासारखी उभी दिसत होती.

नाला असा का वागतो, ते मला पुढच्या उन्हाळ्यात दिसलं. दादाचा ट्रॅक्टर माझ्या तुकड्यातून सरळ नाल्यात उतरत होता. तो तिथली वाळू भरून विकायचा. तळातली वाळू गेली, की काठाला खालून आधार राहत नाही, आणि पहिल्या मोठ्या पाण्यात काठ कोसळतो. हे कळायला शिक्षण लागत नाही. मी त्याला गाठलं.

"दादा, माह्या वावरातून ट्रॅक्टर काहून नेऊन राहिला?"

"जुनी वाट हाय ते."

"वाळू काढून राहिला म्हून माहा काठ पडून राहिला."

"जमीन नाला खाते वं बाई, मी नाई खात," तो म्हणाला आणि ट्रॅक्टर पुढे काढला. चाकाखाली माझ्या धुऱ्याचा कोपरा दबला.

तक्रार करता आली असती. चार दिवस ट्रॅक्टर थांबला असता आणि पाचव्या दिवशी पुन्हा आला असता. मला कायमचं काहीतरी हवं होतं.

ते मला उमरेडकडे नणंदेच्या घरी सापडलं. तिच्या नातवाच्या नामकरणाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर ती मला वावर दाखवायला घेऊन गेली. तिच्याही वावराला नाला लागून आहे. त्या गावच्या शेतकऱ्यांनी मिळून नाल्याचे दोन्ही काठ तासून उतरते केले होते. पाण्याजवळ वाळ्याचं गवत, त्याच्या वर करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ, आणि सगळ्यात वर बांबूची रांग.

"दोन-तीन वर्षं काही हाती येत नाई," नणंद म्हणाली. "पेरायची जमीन झाडात जाते. माह्या घरच्यांनी मले लय शिव्या देल्या. पण आता काठ हालत नाई, अन् पाणीही जास्त दिवस टिकून राहिलं."

मी ऐकत होते, पण बघत होते फक्त तो बांबू. काटेरी जात होती ती. काटंग म्हणतात तिला. फांद्या एकमेकींत अशा अडकलेल्या, की कुत्रंसुद्धा आरपार गेलं नसतं. मी विचारलं, "याच्यातून ट्रॅक्टर जाईन का?"

नणंद हसली. "रणगाडा आण."

माती वाचवायची, पाणी अडवायचं, पाखरं येतील, असलं काही माझ्या मनात तेव्हा नव्हतं. मला दिसत होता दादाचा ट्रॅक्टर, काट्यांसमोर थांबलेला.

उन्हाळ्यात मी जेसीबी लावून काठ उतरता करून घेतला. त्यात आधीच लहान असलेल्या माझ्या तुकड्याचा चांगला मोठा पट्टा गेला. नाल्याकडच्या बांध्या मी स्वतःच्या हातानं मोडल्या. गावातल्या बायका कामाला होत्या, त्यातल्या एकीला राहवलं नाही. "नाल्यानं खाल्लं ते कमी होतं का वं?" तिनं विचारलं. पाऊस लागल्यावर नणंदेकडून वाळ्याचे ठोंब, करंज-अर्जुनासारख्या झाडांची रोपं आणि बांबूचे कंद आणले. बाकी बांबू सरळ रांगेत लावला, पण ट्रॅक्टरची वाट जिथून जायची तिथं तीन पदरी लावला, जवळ जवळ. ते कंद मी दुसऱ्या कोणाला लावू दिले नाहीत.

दादा धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"हे कायले लावून राहिली?"

"काठ पडून राहिला ना दादा. जमीन नाला खाते म्हणे."

"वाटेवर कायले?"

"वाट माह्या जमिनीत हाय."

तो बराच वेळ बांबूकडे बघत राहिला. कंद अजून जमिनीत होते, वर फक्त हातभर कोंब. तरी त्याला कळलं. मी माती दाबत होते आणि मला इतका आनंद झाला होता, की हाताला काटा लागून रक्त आलेलंही बसमध्ये बसल्यावर दिसलं.

त्यानं बकऱ्या सोडल्या. पुढच्या रविवारी गेले तर करंज आणि अर्जुन सोडून बाकी सगळी रोपं खुडलेली. बकऱ्या कोणाच्या, हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी पुन्हा रोपं आणली. या वेळी पुढच्या बाजूनं निरगुडी आणि रुई लावली, त्यांना बकरी तोंड लावत नाही. बाभळीच्या फांद्या तोडून कुंपण केलं. दर रविवारी सकाळची पंगत उरकली, की संध्याकाळचं काम मदतनीस बाईवर टाकून मी कुहीची गाडी पकडायची. भाजी कधी तिखट व्हायची, कधी कच्ची राहायची. मुलं कुरकुरली, काही दुसऱ्या मेसमध्ये गेली. आणि त्या वर्षी माझ्या वावरात धान इतकं कमी झालं, की मेससाठी तांदूळ बाजारातूनच घ्यावा लागला.

नवरा कधी मला काही म्हणत नाही. त्या दिवाळीत मात्र म्हणाला, "तुले हा बदला महाग पडून राहिला."

मी म्हटलं, "हो."

बदला घेऊ नको, असं तो म्हणाला नाही. त्याबद्दल मला तो आवडतो.

पुढच्या पावसात बांबू कमरेएवढा झाला. पूर आला आणि काठ हलला नाही. वाळ्यानं माती अशी धरली होती, की पाणी उतरल्यावर उलट थोडा गाळच वर साचला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दादाचा ट्रॅक्टर माझ्या धुऱ्यापर्यंत आला. मी मुद्दाम तिथं होते. तो उतरला, काट्यांजवळ आला, एक फांदी हातानं बाजूला करून पाहिली, लगेच हात मागे घेतला. ट्रॅक्टर मागे घेताना त्याला जागा पुरत नव्हती, चार वेळा पुढेमागे करावं लागलं. मी डबा उघडून जेवत बसले होते. दह्याची आंबट कढी आणि भात. मला वाटतं, जन्मात इतकं चवीनं मी जेवले नाही.

मग काठ मला देऊ लागला. वाळू जागेवर राहिली म्हणून नाल्यात पाणी जास्त दिवस टिकलं. पूर्वी पौषातच कोरडा पडायचा, तो आता होळीपर्यंत ओला राहू लागला. धान निघाल्यावर मी लाखोळीचं कडधान्य टाकायचे, ती सोडून गहू घेतला. गवताला कुहीचा एक गवळी मिळाला, तो स्वतः कापून न्यायचा. बांबूच्या काड्या वालाच्या वेलांना लावल्या. मेसचा तांदूळ पुन्हा घरचा झाला, शेंगा घरच्या झाल्या. गेलेल्या पट्ट्यात जेवढं धान पिकलं असतं, त्याहून जास्त त्या पट्ट्यानं दुसऱ्या वाटेनं दिलं. हे मी हिशेब करून पाहिलं तेव्हा मलाच नवल वाटलं, कारण मी हिशेबासाठी काही केलंच नव्हतं.

नुकसानही सांगते. झाडी दाट झाली तशी रानडुकरं मुक्कामाला आली. आधी दादाच्या हरबऱ्यात शिरली. सकाळी त्यानं पाहिलं तेव्हा निम्मा हरबरा उकरून ठेवलेला. विहारातल्या बैठकीत तो उठून म्हणाला, बहिणीनं डुकरं पाळली आहेत, तिला झाडी तोडायला सांगा. मला ही गोष्ट एका बाईनं फोनवर सांगितली आणि मी मेसच्या ओट्याशी एकटीच हसले. पण डुकरांना नातं कळत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी माझा भुईमूगही संपवला. मग मी माझ्या बाजूनं तार ओढून झटका मशीन बसवलं. डुकरं तारेला लागली, किंचाळली, आणि त्यानंतर रोज दादाकडेच जाऊ लागली. हे असं होणार, हे मशीन घेतानाच मला माहीत होतं.

आणि मग वहिनीनं ती गोष्ट सांगितली. आम्ही दोघी रस्त्यावर भेटलो. वहिनी साधी बाई, आनंदात होती. "बाई, यंदा आमच्या विहिरीले वैशाखातही पाणी हाय. तुमचे दादा मिरची लावतो म्हणून राहिले."

मला तिथल्या तिथं उमगलं. नाला भरला, काठ भिजला, तसं जमिनीतून पाणी वर सरकत त्याच्या विहिरीत गेलं होतं. जेसीबी माझा, कंद माझे, रक्त माझं, बुडालेली गिऱ्हाइकं माझी, आणि मिरची दादाची! त्यानं मला नाल्याकडं ढकललं, आणि मी त्याच नाल्यातून त्याच्या विहिरीला पाणी पोचवलं.

त्या दिवशी मी विळा घेऊन बांबूपाशी गेले. खोटं सांगत नाही, सगळं कापून टाकायच्या इराद्यानं गेले. दोन काड्या कापल्यासुद्धा. तिसरीला हात घालताना मनात आलं, वाट मोकळी झाली की ट्रॅक्टर येणार. मी विळा खाली ठेवला. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात. त्याला पाणी द्यायचं की वाळू, एवढाच प्रश्न होता.

पण वाळूची हाव दादाला सुटली नव्हती. माझी वाट बंद झाल्यावर त्यानं नाल्याच्या खालच्या वळणावर, स्वतःच्याच सपाट तुकड्यातून ट्रॅक्टर उतरवला होता. आता तिथला काठ कोसळू लागला. एका पावसाळ्यात त्याची एक बांधी गेली. मी पाहायला गेले. धान मुळांसकट लोंबत होतं, अगदी माझं लोंबलं होतं तसंच. मी तिथं गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

तेव्हा कुठं वाळू काढणं थांबलं, ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला आणि दादानं वहिनीला माझ्याकडे नागपूरला पाठवलं. स्वतः आला नाही. वहिनी मेसच्या मागच्या खोलीत बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "थोडेसे ठोंब पाहिजे होते बाई. गवताचे. अन् बांबूही."

"कोणाले पाहिजे?"

"आमच्याच वावराले."

"वावर कोणाच्या नावानं हाय?"

माझ्या डोक्यात ते त्याच क्षणी आलं, आधी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, दादाले सांग. नाल्याकडचा तेवढा तुकडा तुह्या नावानं केला, तं पाहिजे तेवढे ठोंब देतो. फुकट. वरून जेसीबीवाला मी पाठवतो. नावानं नाई केला तं एक काडी मिळणार नाई."

"ते नाई करणार, बाई."

"मंग नाल्याले खाऊ दे."

वहिनीच्या चेहऱ्यावर भीती होती. पण बसस्टॉपवर सोडायला गेले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "माह्या नावानं खरंच होते का वं असं?"

दादानं फोनवर मला जे जे म्हणायचं ते म्हटलं. घर फोडून राहिली, नागपूरची हवा लागली, बाबा असते तर. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "दादा, भाजी करपून राहिली, ठेवतो." ठोंब बाहेरून आणायला तो उमरेडकडे गेला. नणंदेनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, तुमच्या बहिणीकडे एवढे असताना इतक्या लांब कशाला आलात? तो रिकाम्या हातानं परतला.

एक पावसाळा तो अडून राहिला. त्या पावसाळ्यात नाल्यानं दुसरी बांधी नेली आणि तिसरीची कड. मी गेले नाही पाहायला, पण रोज वहिनीला फोन करून विचारायचे, आणि ती सांगायची ते शब्द न् शब्द लक्षपूर्वक ऐकायचे.

त्या हिवाळ्यात तो कुहीच्या नोंदणी कार्यालयात गेला आणि तुकडा बायकोच्या नावानं केला. मी तिथं बाकावर जाऊन बसले. मला कोणी बोलावलं नव्हतं. वहिनीनं सही करताना पेन फार घट्ट धरला होता. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं तुह्या मनासारखं?"

मी म्हटलं, "अजून नाई."

ठोंब दिले. शब्द दिला होता म्हणून दिले, आणि चांगले निवडून दिले, कारण ते वहिनीचे होते. काठ तासून घ्यायला आणि लावणीला मी उभी राहिले. दादा आला नाही. पण रोपांना पहिली बकरी लागली, तेव्हा वहिनीनंच काठी घेऊन तिला पिटाळलं, आणि बकरी दादाची होती.

आता तिचाही काठ धरला आहे. गवत उंच वाढलं आहे, नाला त्या वळणावर शांतपणे वळतो. गवताचे पैसे वहिनी स्वतःच्या डब्यात ठेवते. दादाला पेट्रोलला लागले तर मागावे लागतात, आणि ती कशाला म्हणून विचारते. विजयादशमीला गावचे नातेवाईक दीक्षाभूमीला येतात तेव्हा मुक्काम माझ्याकडे असतो. दादा काही वर्षं येत नव्हता, आता येतो. मी त्याला वाढते, बोलत नाही. माझा राग गेला का, असं नवरा विचारतो. गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

मागच्या महिन्यात माझा गवळी यायचा बंद झाला. चौकशी केली तर कळलं, तो वहिनीकडे जातो, तिथं त्याला गवत स्वस्त पडतं. मी तणतणत तिला फोन लावला.

"वहिनी, माहा गवळी तू फोडला?"

"फोडला नाई बाई, तोच आला. माह्या गवतावर गाडी सरळ येते. तुमच्याकडे काटेच काटे."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला, कोणाचा फोन आहे, काय म्हणून राहिली ते. आणि वहिनी त्याला म्हणाली, "तुमी चूप बसा जरा. धंद्याचं बोलून राहिलो मी."

दादा चूप बसला. मी फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ ती शांतता ऐकली, आणि मग वहिनीला म्हटलं, गवळी ठेव तुझ्याकडे, मी दुसरा पाहते.